उखर्डूभाऊच्या पिकअपचा आवाज

आमच्या धंद्यात माणसाचे आधी कान जातात की गुडघे, यावर मिस्तरी लोक चहा पिता पिता वाद घालतात. माझे गुडघे गेले. कान अजून शाबूत आहेत, आणि ते वाटतं तितकं सुखाचं नाही. वरणगावच्या बाहेर हायवेला लागून माझं गॅरेज होतं. आता ते पुतण्या बघतो आणि मी घराच्या ओट्यावर बसून असतो. रस्त्यानं गाडी गेली की मान न वळवता मी सांगतो, हिचा बेल्ट सैल झालाय, हिचं बेअरिंग चाललंय. घरातले म्हणतात, आता तरी गप्प बसा. तोंड गप्प बसवता येतं, कानाचं काय करायचं?

दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, धंद्यातले गमतीदार किस्से लिहा. किस्से पुष्कळ आहेत, एकदोन सांगतोही. पण लिहायला बसलो की मन एकाच गाडीपाशी जाऊन थांबतं, आणि त्यात गंमत फार थोडी आहे.

माझा हातखंडा स्टेअरिंगच्या कामात. भुसावळपासून बोदवडपर्यंत कुणाचं स्टेअरिंग रडायला लागलं की लोक म्हणायचे, वरणगावच्या मिस्तरीकडे घेऊन जा. रडणं हा आमचाच शब्द. जुन्या पिकअपमध्ये पॉवर स्टेअरिंग तेलावर चालतं. इंजिन फिरलं की बेल्ट फिरतो, बेल्टानं एक छोटा पंप फिरतो, तो पंप लाल रंगाचं तेल जोरानं ढकलतो आणि ते तेल चाकं वळवायला मदत करतं. भरलेली घागर डोक्यावर घेताना दुसऱ्या कुणी खालून हात लावावा, तेवढीच ती मदत. उचलणारे हात तुमचेच असतात. पण त्या हाताची एकदा सवय झाली की तो नसला तर घागर उचलत नाही. या पंपाला पुरेसं तेल मिळालं नाही, तेलात हवा शिरली, तेल जळलं किंवा पंप आतून घासला, की तो बारीक आवाजात रडायला लागतो. वळणावर जास्त रडतो, कारण काम तिथंच पडतं.

हे रडणं थांबवण्यासाठी आमच्या लोकांनी काय काय केलंय ते सांगितलं तर विश्वास बसणार नाही. एकानं पंपाच्या डबीत शेंगदाण्याचं तेल ओतलं होतं. घरच्या घाण्यावरचं होतं, एकदम शुद्ध, असं वर मलाच ऐकवलं. बोनेट उघडल्यावर गॅरेजात फोडणीचा वास सुटला. दुसऱ्या एका शहाण्यानं टेपचा आवाज मोठा केला आणि वर्षभर गाणी ऐकत गाडी हाकली. पंपाचे तुकडे झाल्यावर आला आणि म्हणाला, परवापर्यंत तर चांगली चालत होती. अशा गिऱ्हाइकांवरच आमचं घर चाललं, त्यामुळे हसावं तरी कुठल्या तोंडानं.

एका गोष्टीचा मात्र मला माज होता. आमच्या धंद्यात नसलेला बिघाड सांगणारे ढीगभर आहेत. गिऱ्हाइकाला आतलं काही कळत नसतं. पंप गेला म्हटलं की गेला. मी असं कधी केलं नाही. बिघाड असेल तर दाखवून सांगायचा, आणि नसेल तर गाडीला काही झालेलं नाही म्हणून परत पाठवायचं. यापायी पुष्कळदा रिकाम्या हातानं घरी गेलोय, पण झोप चांगली लागली.

उखर्डूभाऊ माझ्याकडे आला तेव्हा त्याची पिकअप बरीच जुनी झाली होती. पुढचा रंग उडालेला, मागच्या फाळक्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. तो धुळ्याकडचा. बायकोबरोबर कामाला म्हणून इकडे केळीच्या पट्ट्यात आला आणि तापीकाठच्या एका गावात राहिला. बोली मात्र दोघांनी आपली धुळ्याकडचीच ठेवली. त्याची बायको लीलाअक्का केळी कापणीच्या टोळीची मुकादम. सकाळी गावातल्या बाया गाडीत भरायच्या, ज्याच्या मळ्यात कापणी असेल तिथं सोडायच्या, दिवसभर घडांची वाहतूक करायची आणि संध्याकाळी बाया परत घरी आणायच्या, असं त्यांचं काम. मागे बाया उभ्या, पुढे उखर्डूभाऊ. अशी माणसं नेऊ नयेत हे सगळ्यांना माहीत आहे, आणि मळ्यापर्यंत दुसरं वाहन येत नाही हेही सगळ्यांना माहीत आहे.

नावाचं नवल वाटलं असेल तर सांगतो. आमच्याकडे घरात लेकरं जगत नसली की पुढचं मूल जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवायचे आणि मग उचलून घ्यायचे. टाकलेलं पोर आहे, ह्याच्यावर कुणाची नजर पडायची नाही, अशी समजूत. उखर्डूभाऊ त्यावरून स्वतःच चेष्टा करायचा. "मरन येस मना दारशी," तो म्हणायचा, "पन वास घीसन परत जास."

पहिल्यांदा आला तो अगदी साधी तक्रार घेऊन. "मिस्तरी, स्टेअरिंग रडस. वळवाले गयं का जड लागस."

मी बोनेट उघडलं आणि हसायलाच आलं. तेलाच्या डबीकडून पंपाकडे जाणारा रबरी पाईप सोपटानं करकचून बांधलेला. सोपट म्हणजे केळीच्या खांबाची सुकलेली साल. केळीच्या मुलखात सगळं सोपटानं बांधतात. गवताची पेंढी, तुटलेली बाज, कापलेलं बोटसुद्धा. पाईप पाझरत होता म्हणून याने सोपट गुंडाळलं, पाझरणं थांबलं, म्हणजे पाईप नीट झाला असा हिशेब. इथंच आमचे लोक फसतात. हा पाईप पंपाला तेल पाजणारा. इंजिन चालू असताना पंप त्यातून तेल ओढून घेतो, त्यामुळे भेगेतून तेल बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. सोपटानं तेल अडतं, हवा अडत नाही. मी इंजिन चालू ठेवून डबीचं झाकण काढलं आणि त्याला आत बघायला लावलं. लाल तेलावर ताकासारखा फेस आला होता.

"काय निघनं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं, "पाईप गेला. पंपात हवा जाते. म्हणून रडते, म्हणून जड लागते."

आता गिऱ्हाइकाला बिघाड सांगितला की त्याचं तोंड उतरतं, हे मी जन्मभर बघितलं. उखर्डूभाऊचा चेहरा उजळला. माझा हात धरून तो म्हणाला, "व्हय ना? मी सांगतच व्हतू, गाडीमाच खोट शे." मला तेव्हा वाटलं, भला माणूस आहे, कामाची कदर करतो. पाईप बदलला, हवा काढली, गाडी गुपचूप झाली आणि तो समाधानानं गेला.

थोड्या दिवसांनी परत आला. परत रडणं, परत जड. या वेळी पाईप चांगला होता, फेस नव्हता. पण तेलाची काडी काढून नाकाशी धरली तर जळका वास, आणि लाल तेल तपकिरी पडलेलं. पंप उघडला, आतून घासलेला. म्हणजे तेल फार तापलं होतं. ते तापण्याचं एक कारण आम्हाला पाठ असतं. स्टेअरिंग एका कडेला शेवटपर्यंत फिरवून तसंच दाबून धरलं की तेलाला जायला वाट उरत नाही. ते तिथल्या तिथं घुसळत राहतं, तापतं, आणि पंप रडतो. नवशिके असं करतात. शेवटपर्यंत वळवलं की हात किंचित सैल सोडायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मी म्हणालो, "भाऊ, कडेले धरून ठेवता का तुम्ही?"

"मी?" तो हसला. "आखी जिंदगी गाडी चालावामा गई."

ते खरंच होतं. केळीच्या दोन ओळींमधून भरलेली पिकअप उलटी काढणारा माणूस तो. पानालासुद्धा धक्का लागू द्यायचा नाही. बाया सांगायच्या, उखर्डूभाऊच्या गाडीत उभं राहून डोक्यावरचा पदर सरकत नाही. अशा माणसाला मी स्टेअरिंग शिकवणार नव्हतो. मी पंप बदलला. पंप गेला हे कळल्यावर तो पहिल्यासारखाच खूश झाला. बायकोला फोन लावून जोरानं सांगितलं, "पंप निघना, पंप."

तिसऱ्यांदा आला तेव्हा मात्र मी चक्रावलो. पुढची चाकं जॅकवर उचलली आणि स्टेअरिंग फिरवून पाहिलं, कुठं अडत नव्हतं. टायरमधली हवा बघितली, बेल्ट बघितला, खालचे सांधे एकेक हलवून बघितले. गाडी बाहेर काढून हायवेला फिरवून आणली. एका बोटानं वळत होती. पण तेल पुन्हा काळवंडायला लागलं होतं, हे काही खोटं नव्हतं. कुणीतरी त्या पंपाला पुन्हा पुन्हा भाजत होतं.

तो शेडच्या खांबाला टेकून माझ्याकडे बघत होता. "काय निघनं?"

"काही नही निघालं."

"आखो एकदाव देखा. काहीतरी सापडी."

तो हे ज्या आवाजात म्हणाला, तो आवाज गिऱ्हाइकाचा नव्हता. तपासणीचा कागद हातात घेऊन डॉक्टरपुढे बसलेली माणसं असं बोलतात. पण तेव्हा मला ते उमगलं नाही. मी म्हणालो, "उद्या तुमच्यासंगं येतो. चालत्या गाडीतच ऐकतो."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसलो. मागे टोळी उभी. लीलाअक्काही तिथंच, फाळक्याला धरून. बायांच्या हातात विळे, डब्याच्या पिशव्या, चिकानं काळे पडलेले जुने शर्ट साड्यांवर चढवलेले. गप्पांचा नुसता कालवा. सरळ रस्त्यावर गाडीचा काही आवाज नव्हता. मी डोळे मिटून ऐकत होतो, कारण मला ऐकायचंच काम होतं. चूक तीच होती. बघायला पाहिजे होतं.

गाव सुटल्यावर पाटाच्या कडेचा कच्चा रस्ता लागला. तिथून मळ्यात जायला पाटावरच्या अरुंद मोरीवर, म्हणजे छोट्या पुलावर, आडवं वळावं लागतं. समोरून केळी भरलेला ट्रॅक्टर येत होता, म्हणून उखर्डूभाऊनं वळून मोरीच्या तोंडाशी गाडी थांबवली. आणि पंप रडायला लागला. बारीक, सलग, न थांबणारा आवाज. मी डोळे उघडले.

त्याचा डावा हात स्टेअरिंगवर नव्हता, स्टेअरिंगच्या आत होता. कोपरापर्यंत आत घालून त्याने तो दाराला आडणा घालावा तसा अडकवला होता आणि सगळं अंग उजवीकडे टाकून चक्र शेवटपर्यंत दाबून धरलं होतं. ट्रॅक्टर जाईपर्यंत त्यानं ते सोडलं नाही. सोडलं असतं तर पुन्हा फिरवावं लागलं असतं, आणि पुन्हा फिरवायला त्याच्याकडे काही उरलेलं नव्हतं. त्याची बोटं चक्राच्या पलीकडे मोकळी लोंबत होती. अंगठ्याच्या मुळाशी जिथं मांसाचा उंचवटा असतो तिथं खड्डा पडला होता. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली होती.

ट्रॅक्टर गेला. त्यानं गाडी पुढे घेतली आणि हात काढायला गेला, तेवढ्यात चक्र त्याच्या हातून निसटून उलटं फिरलं. पुढचं चाक मोरीच्या कडेवर गेलं. खाली पाटाला पाणी होतं. मी आडवा होऊन चक्र पकडलं आणि त्याच्या पायावर पाय देऊन ब्रेक दाबला. गाडी थांबली. कडेचा एक दगड खाली पडल्याचा आवाज मला स्पष्ट आला.

मागून बाया हसल्या. त्यांना वाटलं, धक्का बसला. एकीनं विचारलं, "काय भाऊ, झोप लागनी का?" आणि पुन्हा त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. उखर्डूभाऊ समोर बघत बसला होता. त्याच्या दंडाचं मांस सदऱ्याच्या बाहीखाली आपोआप थरथरत होतं, पाण्यावर किडा चालल्यासारखं. मी त्याला बाजूला सरकवलं आणि गाडी मळ्यात नेली.

बाया कामाला लागल्यावर आम्ही दोघं केळीच्या सावलीत बसलो. मी म्हणालो, "भाऊ, गाडीले काहीच झालं नही. पंप तुमच्या हातानं जळतो."

"माले माहीत शे," तो म्हणाला.

मग थांबून थांबून बोलला. अंगठा कधीपासून काम करत नव्हता. आधी किल्ली फिरवता येईना, मग बटणं, मग घास. "तुम्ही पाईप दाखाडा, माले बरं वाटनं. पंप दाखाडा, आखो बरं वाटनं. मी म्हनं, हात चांगला शे, गाडी खराब शे." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मिस्तरी, आखो एक खोट काढी द्या. काहीबी सांगा. बेल्ट सांगा."

मी सांगितलं नाही. म्हणालो, नसलेला बिघाड मी सांगत नाही, आणि उद्यापासून तुम्ही या गाडीला हात लावायचा नाही. मागे बाया आहेत. मी बरोबर बोललो होतो, आजही तसंच वाटतं. फक्त ते ज्या ताठ आवाजात बोललो, तो आवाज मला अजून आठवतो आणि नकोसा वाटतो.

"लीलाले तुम्ही सांगा," तो म्हणाला.

लीलाअक्का घडांच्या फण्या कापून पाण्यात सोडत होती. मी सांगत असताना तिचा विळा थांबला नाही. माझं बोलून झाल्यावर तिनं पदरानं हात पुसले. "भाकर मोडता येस नही त्यासले, भाऊ. कितला दिन व्हयनात, मी मोडी देस. म्हनतस, वात शे. मीबी म्हनं, वात व्हई." मग मान वर करून टोळीकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग आज बठ्ठ्या बायासले घर कोन लई जाई?"

संध्याकाळी मीच घेऊन गेलो. लीलाअक्का मागे बायांत न जाता पुढे बसली आणि उखर्डूभाऊ आमच्या दोघांच्या मध्ये. मोरीवर मी वळलो, हात सैल सोडला, गाडी पार झाली. पंपानं हूं की चूं केलं नाही. उखर्डूभाऊ कान देऊन ऐकत होता, मला शेजारी कळत होतं. मागे बाया कुणाच्या तरी लग्नाची चेष्टा करत होत्या.

पुढे दवाखाने झाले, आधी इथले, मग मोठ्या शहरातले. डॉक्टरनं लीलाअक्काला समजावून सांगितलं की मांस हलवणाऱ्या शिरा सुकत जातात, आधी हात, मग पाय, मग गिळणं आणि बोलणं. याला औषध नाही. डोकं आणि कान शेवटपर्यंत चांगले राहतील. तिनं मला हे सांगितलं तेव्हा मला शेवटच्या वाक्याचा राग आला. तेवढं तरी जायला हवं होतं.

गाडी विकली नाही. विकून टोळी चालली नसती. शेजारच्या गावचा एक ड्रायव्हर ठेवला, शांत स्वभावाचा, चाळिशीचा. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, स्टेअरिंग कडेला दाबून धरू नको. तेल बदलायला तो गाडी माझ्याकडे आणायचा. दरवेळी तेल लालभडक असायचं, आणि दरवेळी मला ते बघून कसंसंच व्हायचं. धंद्यात चांगलं तेल बघून वाईट वाटण्याची वेळ माझ्यावर त्याआधी कधी आली नव्हती.

उखर्डूभाऊला मी अधूनमधून भेटायला जायचो. आधी तो खुर्चीत बसून बोलायचा, मग बाजेवर पडून बोलायचा, मग नुसता ऐकायचा. उकिरड्याची चेष्टा त्यानं बंद केली होती. बाज त्यानं मुद्दाम अंगणाच्या दाराशी टाकायला लावली होती. लीलाअक्का म्हणाली, संध्याकाळ झाली की यांचे डोळे दाराकडे लागतात. गाडी आली, मागचा फाळका पडला, बाया उतरल्या, त्यांचे आवाज मोजून झाले की मग डोळे मिटतात. इतकी वर्षं त्याने त्या बाया घरी आणल्या होत्या. आता त्या येतात की नाही, एवढंच काम त्याच्याकडे उरलं होतं.

शेवटचं गेलो तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. हातापायांची नुसती हाडं. लीलाअक्का त्या दिवशी कामावर गेली नव्हती. दुधात भाकरीचा अगदी बारीक चुरा कालवून चमच्यानं भरवत होती, आणि एकेक घास उतरायला वेळ लागत होता. मी शेजारी बसून गावातल्या काही बातम्या सांगत होतो.

तेवढ्यात गाडी आली. अंगणात शिरायला तिला गल्लीतून शेवटपर्यंत वळावं लागतं. गल्लीत कुणाची तरी म्हैस आडवी उभी होती. ड्रायव्हर थांबला आणि त्या नादात त्यानं चक्र कडेला तसंच धरून ठेवलं. पंप रडला. तोच बारीक आवाज, कितीतरी दिवसांनी.

उखर्डूभाऊचे डोळे उघडले. आधी दाराकडे गेले, मग माझ्याकडे आले, आणि त्याचा चेहरा उजळला. चेहऱ्यात हलण्यासारखं फार काही उरलं नव्हतं, पण जे उरलं होतं ते सगळं उजळलं. पाईप गेला म्हटल्यावर उजळला होता तसा, पंप निघाला म्हटल्यावर उजळला होता तसा.

मी उठून बाहेर गेलो. बाया उतरत होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "चुकलं मिस्तरी, म्हैस होती म्हणून धरून राहिलो." मी गाडीपुढे गेलो. बोनेट उघडलं. पाईप बघितला, बेल्टावर बोट दाबून बघितलं, काडी काढून नाकाशी धरली. तेल लाल होतं, वास नव्हता. इंजिन चालू करायला लावून स्टेअरिंग इकडून तिकडे फिरवून घेतलं. गाडीत काहीही खराब नव्हतं. तरी मी लगेच आत गेलो नाही. बोनेट लावून त्यावर हात ठेवून उभा राहिलो. बाया आपापल्या पिशव्या घेऊन घरी निघून गेल्या.

आत आलो तेव्हा तो माझ्याचकडे बघत होता. लीलाअक्काच्या हातात चमचा तसाच होता. तिनं त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ," ती म्हणाली, "यासना डोळे इचारी ऱ्हायनात, काय निघनं."

मी बाजेजवळ बसलो. फडक्यानं हात पुसले, काम झाल्यावर पुसतो तसे. म्हणालो, "पंप गेला, उखर्डूभाऊ. पहिल्यापासून पंपच खराब होता. तुमचं काही चुकलं नही."

लीलाअक्कानं मान खाली घातली आणि पुढचा घास कालवायला घेतला. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं हळूच डोळे मिटले, बाया घरी पोचल्यावर मिटायचा तसे.

त्यानंतर काही दिवसांतच तो गेला. गाडी अजून चालते. पुतण्या परवा तिचं तेल बदलत होता, मी मुद्दाम जाऊन बघितलं. पंप तोच आहे आणि चांगला आहे.